घोंगडीची सीट

"वहिनी, आधी वास घ्यायचा, मग किल्ली. पेट्रोलचा वास आला तर किल्लीला हात लावायचा नाय. अन् ध्यानात ठेवा, हिला कायबी नवं लावा, पण इथलंच लावा. गाडीला ओळखीचं वाटलं पाहिजे."

केरबा मिस्त्रींना जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी रोज पहाटे पुंडलिकनगरातल्या त्या घरासमोर त्यांचा आवाज हजर असायचा. तो ऐकू यायचा एकट्या मीनाक्षीला. स्नान, देवपूजा, तुळशीला पाणी एवढं आटोपलं की ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर यायची, गाडीचं बॉनेट उचलून नाक पुढे करायची, झाकण लावायची आणि मग किल्ली फिरवायची. इंजिन खोकत, कुरकुरत जागं व्हायचं. ती स्टिअरिंगमागे बसून जपाची एक माळ ओढायची. माळ संपली की इंजिन बंद. तेवढ्यात बॅटरीचं पोट भरतं आणि आपलंही मन भरतं, असा तिचा हिशेब. सगळी गल्ली त्या आवाजाला सरावली होती. समोरच्या सरिताताई तर डब्याच्या पोळ्यांची कणीक मळून ठेवत आणि इंजिन बंद झालं की तवा चढवत.

ही गाडी नेमकी कोणती, हे नवख्या माणसाला सांगणं अवघड होतं. कागदोपत्री ती १९३९ची फोर्ड. मीनाक्षीच्या यजमानांनी, श्रीधररावांनी, ती एक्क्याऐंशी साली धान्याच्या मोंढ्यामागच्या भंगारातून उचलली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. श्रीधरराव तेव्हा सरकारी कचेरीत कारकून. वेरूळ बघायला आलेला कोणी अमेरिकन पाहुणा कचेरीच्या बाकावर मोटारींचं एक मासिक विसरून गेला, आणि त्या मासिकाने संसाराला वेगळंच वळण लावलं. नव्या नवरीला श्रीधररावांनी वेरूळ नंतर दाखवलं, आधी त्या मासिकातली चित्रं दाखवली. हॉट रॉड म्हणतात याला, त्यांनी समजावून सांगितलं होतं. तिकडची पोरं जुन्या मोटारी भंगारातून आणत, मडगार्ड काढून टाकत, टप कापून खाली बसवत, त्यांच्या ताकदीबाहेरचं इंजिन आत घालत आणि सुसाट निघत. सगळं स्वतःच्या हातांनी. मीनाक्षीने नम्रपणे विचारलं होतं की आपल्या घरात हे हात कोणाचे. श्रीधररावांची बोटं टाइपरायटरपलीकडे कशावर चालत नव्हती.

हात केरबांचे निघाले. केरबा पिशोर गावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शहरात येऊन एका गॅरेजवर मिस्त्री झाले होते. चित्रं बघून ते म्हणाले, हे लई सोपं हाय, सामान तेवढं आपल्याकडचं घेऊ. मग जीपचं इंजिन आलं, मोडीतल्या एसटीचं मीटर आलं, ट्रॅक्टरचे मागचे दिवे आले. रेडिएटरला झाकण मिळेना तेव्हा मीनाक्षीच्या रुखवतातल्या पितळी गडूचा बळी गेला. टप चार बोटं कापायचं ठरलं होतं. केरबांनी तो आपल्या चार बोटांनी मोजून कापला, म्हणजे श्रीधररावांच्या सहा बोटांनी. तेव्हापासून श्रीधररावांचं डोकं टपाला लागायचं ते आजतागायत लागत होतं.

आणि सीट घोंगडीची. आत केरबांच्या भावाच्या मेंढरांची लोकर, वर काळी घोंगडी, पांढऱ्या काठाची. त्या घोंगडीचं सूत केरबांच्या बायकोने, आक्काबाईने, स्वतः कातलं होतं. खोळ शिवली तीही तिनेच, पिशोरला ओट्यावर बसून, दाभणाने. पावसाळ्यात गाडीला मेंढराचा वास यायचा. श्रीधरराव म्हणायचे, गाडीत बसलं की कळपात बसल्यासारखं वाटतं. केरबा म्हणायचे, बसतंय कोण ते बघून वाटतं तसं.

ज्या बाईच्या हाताचं सूत त्या सीटवर होतं, ती बाई मात्र गाडीत एकदाही बसली नव्हती. कारण असं की अर्ध्या घरात कोणी गृहप्रवेश करत नाही, तसं अर्ध्या गाडीत घरच्या लक्ष्मीला बसवायचं नाही, असा केरबांचा दंडक होता. गाडी पूर्ण झाली की वाजत गाजत पिशोरला नेऊ, ते म्हणायचे. आक्काबाईलाही ते पटलेलं. पण गाडी पूर्ण होईना. ब्रेक झाले तर सायलेन्सर राहायचा, सायलेन्सर झाला तर केरबांना भंगारात आधीच्यापेक्षा बरा गिअरबॉक्स दिसायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं अशीच गेली. श्रीधररावांचे गुडघे गेले आणि त्यांना क्लच दाबवेना, तेव्हा केरबांनीच मीनाक्षीला गाडी शिकवली. दर शनिवारी मारुतीच्या देवळापर्यंत जाणं आणि येणं, एवढी तिची मजल.

शेवटच्या दिवसांत केरबा पिशोरला घरीच होते. मीनाक्षी भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं, की गाडी पूर्ण झाली की आक्काला एक चक्कर मारा, गावच्या पाराला वळसा घालून. ती हो म्हणाली. बाजेच्या पायाशी आक्काबाई उभी होती. त्या दिवसापासून मीनाक्षीने चहा सोडला. ही चक्कर होईल तेव्हाच घ्यायचा.

मीनाक्षीचा एक स्वभाव होता. शब्द दिला की तो जसा दिला तसाच पाळायचा, कानामात्रा न बदलता. पूर्ण झाली की, असं म्हटलंय म्हणजे पूर्ण झालीच पाहिजे. तिच्यासमोर बशीत चहा ओतून, भुरका मारून श्रीधरराव म्हणत, "तू चहा सोडल्याचं देवाला केव्हाच कळलंय. आता ते माझ्या गाडीला कळव, म्हणजे ती लवकर पूर्ण होईल."

मुलगी मृण्मयी वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर. जानेवारीत शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याची बातमी तिनेच आणली. त्यात एक गट पारंपरिक हॉट रॉडचा होता आणि पुण्याहून जाणकार परीक्षक येणार होते. मृण्मयीचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही दोघं बसाल ठरवत तर आणखी चाळीस वर्षं जातील. जाणकार माणसाने कागदावर लिहून दिलं की गाडी झाली, म्हणजे झाली. मीनाक्षीला ते एकदम पटलं. उद्यापनाला गुरुजी सांगतात ना, झालं हो व्रत पूर्ण, आता ताट वाढा. तसंच हे.

मग मृण्मयीने नियमावली वाचून काढली, तिकडचे फोटो बघितले. पारंपरिक गाड्यांच्या सीटा बहुतेक लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या रेक्झिनच्या असतात, असं तिला दिसलं. तिने मुंबईहून तशी सीट करवून आणली आणि घोंगडीची सीट पोटमाळ्यावर गेली. त्या दिवशी मीनाक्षीच्या कानात केरबा दोनदा बोलले. इथलंच लावा, इथलंच लावा. ती लेकीला एवढंच म्हणाली, की आधीची काय वाईट होती. मृण्मयी म्हणाली, "आई, हेच पारंपरिक आहे. मी नीट बघूनच केलंय." लेकीने कामावरून थकून येऊन आठ संध्याकाळी त्यात घातल्या होत्या. तक्रार आली ती श्रीधररावांकडून. नवी सीट दोन बोटं उंच होती आणि आता टप डोक्याला लागायचं थांबून डोक्यावर बसायलाच लागला होता.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी पिशोरहून फोन आला. केरबांचा मुलगा अजिनाथ गावातच गॅरेज चालवायचा. तो थोडं बोलला आणि म्हणाला, आईला बोलायचंय.

"बाई, तुमची ती गाडी झाली का, का अजून बाळंतीणच हाय?" आक्काबाईने विचारलं.

मीनाक्षी हसली आणि म्हणाली, होतच आली, आता पुण्याचा माणूस बघून सांगणार आहे.

"पुण्याच्या माणसाला काय इचारता, मला इचारा. मला आता माणूस नुसता आकारानं कळतोय. तोंड दिसत नाय. डॉक्टर म्हणतो कापू, मी म्हणते राहू दे. तेवढी गाडी दिसंल तोवर दाखवा. चार खांदे येयच्या आधी चार चाकं दारात येऊ द्या." एवढं बोलून ती खळखळून हसली आणि फोन अजिनाथला देऊन टाकला.

अजिनाथने हळू आवाजात सांगितलं, की उजवा डोळा गेलाच आहे, डाव्याने उन्हात थोडं दिसतं. मीनाक्षीने त्या दिवशी माळ दोनदा ओढली. इंजिन दुप्पट वेळ चाललं. समोर पोळ्यांना उशीर झाला म्हणून सरिताताई विचारायला आल्या, की सगळं ठीक आहे ना.

प्रदर्शन जालना रोडच्या एका मैदानावर होतं. चकचकीत गाड्यांच्या रांगेत ही बसकी, काळी, मडगार्ड नसलेली फोर्ड लग्नात घुसलेल्या पहिलवानासारखी दिसत होती. पण गर्दी तिच्याभोवती जास्त. शहागंजचे दोन म्हातारे मेकॅनिक इंजिनकडे बघून आपापसात वाद घालत होते, की ये जीप का है या नहीं, आणि श्रीधरराव खुर्चीवर बसून त्यांना मुद्दाम उत्तर देत नव्हते. बॉनेटवर मीनाक्षीने सकाळी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. मृण्मयीने ते पुसू का म्हणून नजरेने विचारलं आणि नजरेनेच मिळालेलं उत्तर ऐकून घेतलं.

परीक्षकाचं नाव मंदार. पस्तिशीचा, गुडघ्यांना माती लागलेली, हातात बॅटरी आणि कागदांचा पुठ्ठा. तो गाडीखाली शिरला तो बराच वेळ बाहेरच आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याने आधी रेडिएटरचं झाकण हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, की हे कशाचं. गडूचं, मीनाक्षीने सांगितलं. त्याने लिहिलं. एसटीचं मीटर बघितलं, लिहिलं. टपाचा जोड अंगठ्याने चाचपला, बराच वेळ मान हलवली आणि विचारलं, की हा कुठल्या मशीनवर कापला. करवतीने, बारा दिवस लागले, श्रीधररावांनी अभिमानाने सांगितलं आणि डोकं चोळलं.

मग तो सीटशी आला आणि थांबला. ही कुठून आली, त्याने विचारलं. मृण्मयीने सगळं सांगितलं. फोटो, पट्ट्यांची रुंदी, शिवण, रेक्झिनची जात. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काम उत्तम आहे. पण बाकी गाडी सगळी एका गावची आहे आणि सीट पाहुणी आहे. आधी काय होतं?"

घोंगडी, मीनाक्षी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मेंढरं, सूत, ओटा, दाभण. मंदारने लिहायचं थांबवून पेन खिशाला लावलं.

"त्या पोरांनी रेक्झिन का लावलं माहितीये?" तो मृण्मयीला म्हणाला. "त्यांच्या गल्लीतला सीट शिवणारा तेच शिवायचा म्हणून. जे हाताशी होतं ते घेतलं. तुमच्या मिस्त्रींनी त्यांची नक्कल केली नाही. ते त्यांच्यासारखं वागले. माझ्या लेखी परंपरा म्हणजे तीच."

मृण्मयी ओठ चावून सीटकडे बघत राहिली. मीनाक्षीला वाटलं, हे तर केरबांचंच बोलणं, फक्त पुण्याच्या तोंडून आलेलं.

सीटचे गुण कापून उरलेले गुणही चांगले होते. मंदारने पुठ्ठ्यावरचा कागद मीनाक्षीपुढे धरला, कारण गाडी तिच्या नावावर होती. कारकुनाच्या नावावर मोटार दिसली तर साहेब विचारतील, या भीतीने श्रीधररावांनी ती कधीकाळी बायकोच्या नावावर केलेली. मीनाक्षी सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचायची. शेवटी एक ओळ होती. सदर गाडीचे काम पूर्ण झालेले आहे, असे मी जाहीर करते.

याच ओळीसाठी तर ती आली होती, फक्त ती जाणकाराऐवजी तिनेच लिहून द्यायची होती. तिने पेन उघडलं. पण हात पुढे जाईना. पोटमाळ्यावरची ती सीट, आणि परवाच केरबांच्या, तिच्याकडेच राहिलेल्या हत्यारांच्या जुन्या पेटीत सापडलेला, कधीतरी लावायचा म्हणून ठेवलेला तो भोंगा तिला आठवला. देवासमोर रोज खरं बोलायचं आणि मैदानात येऊन खोटं लिहायचं, हे काही बरं नव्हतं.

"मला एक सांगाल?" तिने हळू विचारलं. "अशी गाडी पूर्ण झाली असं कधी म्हणतात?"

मंदार हसला. "काकू, खरं सांगू? या ओळीवर सगळे डोळे मिटून सही करतात. अशी गाडी पूर्ण झालेली मी तरी अजून पाहिलेली नाही. ज्याला ती पूर्ण झाली असं वाटतं, त्याने ती एव्हाना विकलेली असते."

मैदानात भोंगे वाजत होते, कोणीतरी माईकवरून हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होतं. मीनाक्षी हातात पेन धरून उभी होती आणि आपलं नेमकं कुठे चुकलं ते तिला दिसत होतं. तिने गाडीला व्रत समजलं होतं. व्रताला दिवस ठरलेले असतात, शेवटी उद्यापन असतं, सवाष्ण जेवते आणि मग ते व्रत संपतं. पण रोजच्या पूजेला उद्यापन कुठे असतं? समईत वात रोज नवी, तेल रोज नवं आणि समई तीच. ती पूर्ण व्हायची वाट बघत कोणी आरतीला आलेल्या माणसाला दाराबाहेर उभं करत नाही. केरबा चाळीसच्या वर वर्षं नेम पाळत होते आणि स्वतःच त्याला व्रत समजत होते. आणि आक्काबाई दाराबाहेर उभी होती.

तिने पेनाला टोपण लावून ते परत दिलं. "झालेली नाही हो अजून. सही नको."

मग बक्षिसाला धरता येणार नाही, मंदारने सांगितलं. ती म्हणाली, चालेल. मृण्मयीचा चेहरा पडला. श्रीधरराव खुर्चीतून उठले आणि म्हणाले, की आमच्या खात्यात तीस वर्षांत मी एकही माणूस कागद वाचून परत करताना पाहिला नव्हता, आज घरातच निघाला. मंदारने जाताना कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून तो कागद मृण्मयीच्या हातात दिला. घरी आल्यावर तिने तो वाचला. लिहिलं होतं, "घोंगडी परत लावा आणि मला फोटो पाठवा."

संध्याकाळी मायलेकींनी मिळून ते केलं. मृण्मयी पान्याने रेक्झिनची सीट सोडवत होती आणि मीनाक्षी पोटमाळ्यावरची लोकरीची सीट गच्चीत झटकत होती. आठ संध्याकाळींची मेहनत एका तासात सुटली तशी मृण्मयी आधी फुरंगटली आणि मग स्वतःवरच हसत सुटली. ही सीट दिवाणखान्यात ठेवू, बाबांना टीव्ही बघायला, ती म्हणाली. बाबांनी तत्काळ बसून बघितलं आणि तिथे डोक्याला काही लागत नाही म्हणून समाधान व्यक्त केलं. ब्रेक मृण्मयीने दोनदा तपासले. टायरमधली हवा बघताना तिने आईला विचारलं, की शनिवार तर अजून लांब आहे, मग उद्या कुठे जायचंय का. मीनाक्षी म्हणाली, बघू.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी स्नान झालं, देवपूजा झाली, तुळशीला पाणी झालं. मीनाक्षीने केस पुसले आणि आज पंचा गुंडाळण्याऐवजी अंबाडा घातला. कापडी पिशवीत साखरेची पुडी आणि चहापत्ती टाकली, कारण आक्काबाईकडे दूध घरचं असतं, बाकीचं कधी असतं कधी नसतं. कुंकवाची डबी घेतली. केरबांच्या पेटीतला भोंगा घेतला, तो अजिनाथ लावून देईल. श्रीधरराव अजून झोपेत होते. त्यांच्या उशाशी तिने एक चिठ्ठी ठेवली, की दूध तापवलंय, पिशोरला जाऊन दुपारपर्यंत येते, चहा जरा जास्तच करून ठेवा.

बॉनेट उचलून तिने वास घेतला. पेट्रोलचा नव्हता. घोंगडीचा मात्र येत होता. तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, कुरकुरलं आणि लागलं. ती सीटवर बसली आणि शेजारची जागा हाताने साफ केली. फुलंब्रीच्या रस्त्याला लागलं की ऊन चांगलं वर येईल. आक्काबाईला उन्हातच दिसतं.

गल्लीतल्या कोणाला वेगळं काही वाटलं नाही. रोजचाच आवाज. समोरच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि सरिताताई कणकेचा गोळा हातात घेऊन इंजिन बंद व्हायची वाट बघत होत्या.

मीनाक्षीने माळ मनगटाला गुंडाळली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.